चिपळूण, २२ जुलै २०२१ : पाणी बघायचं कुणी?

चिपळूण स्टेशन सोडून गाडी मडगावच्या दिशेने निघाली की थोड्याच वेळात वाशिष्ठी लागते, आणि पलीकडे कामथे. इथल्या पुलावर पाण्याची पातळी बघून इशारा देणारी यंत्रणा बसवलेली आहे. रोहा ते ठोकूर एवढ्या लांबलचक कोकण रेल्वेवर ही सोय तीनच ठिकाणी आहे. माणगाव आणि वीरच्या मध्ये काळ नदीवर, वीर आणि सापे-वामनेच्या मध्ये सावित्रीवर, आणि तिसरी इथे. पाणी धोक्याच्या खुणेवर चढलं की इशारा जातो आणि गाड्या थांबवल्या जातात. त्यासाठी बैठक बोलवावी लागत नाही.

२२ जुलै २०२१ ला गाड्या अशाच थांबल्या. नऊ गाड्या ठिकठिकाणी उभ्या राहिल्या, सहा हजारांच्या आसपास प्रवासी अडकले. लोक वैतागले, पण सुखरूप राहिले. त्याच सकाळी त्याच नदीच्या काठी चिपळूणची बाजारपेठ बुडाली होती. काही भागांत तर माणसं पहिल्या मजल्यावरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून गच्चीवर सरकत होती.

या पुरावर आजवर पुष्कळ बोललं गेलंय. कुणी पावसाला दोष देतं, कुणी गाळाला, कुणी कोयनेच्या पाण्याला, कुणी नदीत घुसलेल्या बांधकामांना. मला त्यात एक साधा प्रश्न राहून गेल्यासारखा वाटतो. एका नदीवर रेल्वेला 'थांबा' म्हणणारं कुणीतरी होतं आणि शहराला नव्हतं, हे कसं झालं?

गाव जिथे आहे तिथे का आहे

वाशिष्ठी तिवऱ्याच्या बाजूला सह्याद्रीत उगम पावते. कड्यावरून खाली आली की चिपळूणपर्यंत तिला उतारच उतार, आणि चिपळूण ओलांडलं की उतार जवळजवळ संपतो. पुढे दाभोळच्या खाडीपर्यंत ती अंग टाकून, वळणं घेत जाते. भरतीचं पाणी थेट चिपळूणपर्यंत चढतं. म्हणजे डोंगराचं पाणी जिथे वेग सोडतं आणि समुद्राचं पाणी जिथवर पोचतं, नेमक्या त्या सांध्यावर हे गाव बसलंय. वरून धावत आलेला गाळही तिथेच खाली बसतो. नदीतली बेटं अशीच तयार झाली.

जुन्या लोकांनी अडाणीपणाने इथे वस्ती केली असं समजायचं कारण नाही. खाडीतून येणारी गलबतं गोवळकोटच्या धक्क्यापर्यंत यायची. तिथून माल बैलांवर लादून कुंभार्ली घाटाने देशावर जायचा. होडी संपते आणि बैल सुरू होतो, तिथे बाजारपेठ होणारच. चिपळूण वाहतुकीनेच वसवलं, आणि वाहतुकीला जी जागा सोयीची होती तीच पाण्यालाही सोयीची निघाली.

त्यात शिव नदी गावातून वाहत येऊन वाशिष्ठीला मिळते. वाशिष्ठी फुगली की शिवनदीला पुढे जायला जागा राहत नाही, ती उलटी गावात पसरते. आणि गेल्या साठेक वर्षांत एक चौथं पाणी आलं. कोयना खरं तर पूर्वेला, कृष्णेकडे जाणारी नदी. वीज निर्माण करायला तिचं पाणी बोगद्यांतून पश्चिमेला उतरवलं, ते पोफळी, अलोरे, कोळकेवाडी करत वाशिष्ठीत येतं. वर्षाला ६७.५ टीएमसी (म्हणजे अब्ज घनफूट) पाणी असं वळवायची मुभा आहे. एरवी या पाण्याचे उपकारच आहेत. भर मे महिन्यात कोकणातल्या बाकीच्या नद्यांचे दगड उघडे पडतात तेव्हा वाशिष्ठी वाहत असते. पण आषाढात नदी काठोकाठ भरलेली असताना वरून किती पाणी सुटलं, कधी सुटलं, हा प्रश्न चिपळूणकर दर वेळी विचारतात. २०२१ बद्दल त्यांचं आणि सरकारी खात्यांचं अजून एकमत नाही. मी त्या वादात कुणाच्या बाजूने उभा राहत नाही. माझा मुद्दा एवढाच, की पाणी सोडणाऱ्याकडे असलेला आकडा त्या रात्री चिपळुणातल्या मुरादपूरच्या किंवा पेठमापच्या माणसाकडे नव्हता.

ती रात्र

२० तारखेला आषाढी एकादशी झाली, २१ ला बकरी ईद. पौर्णिमा २४ ला, म्हणजे उधाणाचे दिवस तोंडावर आलेले. पाऊस दोन दिवस थांबायला तयार नव्हता. त्याच पावसाने महाबळेश्वरात २४ तासांत ५९४ मिलिमीटरची नोंद झाली, आणि त्याच २२ तारखेला महाड तालुक्यातलं तळीये दरडीखाली गेलं, ऐंशीहून अधिक माणसं गाडली गेली. सगळा सह्याद्री एकाच वेळी सुटला होता.

चिपळूणला पाणी रात्री चढायला लागलं. पूर चिपळूणकरांना नवा नाही. दर पावसाळ्यात बाजारपेठेत एक-दोनदा घोटाभर पाणी येतं, दुकानदार खालच्या फळ्या रिकाम्या करतात, पाणी ओसरतं, झाडू मारून दुकान पुन्हा सुरू. घात या सवयीनेच केला. माझ्या मावसभावाचं चिंचनाक्याच्या बाजूला छोटं दुकान आहे. त्याच्या दुकानातल्या खांबावर २००५ च्या पुराची रेघ आहे, २६ जुलैची, ऑइलपेंटने मारलेली. त्याने रात्री माल उचलून त्या रेघेच्या वर ठेवला आणि निर्धास्त झोपला. त्याचं गणित चुकीचं नव्हतं. उभ्या हयातीत पाहिलेलं सगळ्यात मोठं पाणी तिथवर आलं होतं, त्याच्या वर माल म्हणजे सुरक्षित. सकाळी पाणी रेघेच्याही वर गेलं, आणि छातीएवढ्या उंचीवर नीट रचून ठेवलेला माल खालच्या मालासारखाच भिजला.

एसटीच्या आगारात गाड्या टपापर्यंत बुडाल्या. आगारप्रमुख आणि काही कर्मचारी तिकिटांची जमा झालेली रक्कम, सुमारे नऊ लाख रुपये, घेऊन एका बसच्या टपावर चढले आणि कित्येक तास भर पावसात तिथेच बसून राहिले. वर्तमानपत्रांतून त्यांचं खूप कौतुक झालं, ते योग्यच. पण बातमी वाचताना मला टपावरच्या माणसांपेक्षा टपाखालच्या गाड्याच दिसत होत्या. बस ही चाकं असलेली वस्तू आहे. पाणी यायच्या आधी ती चालवत नेऊन उंचावर उभी करता येते, आणि तिच्यात दोन-तीनशे माणसांना खेपा करून नेता येतं. पुराच्या गावात सगळ्यात उपयोगी पडावं असं साधन आगारात उभ्याउभ्या बुडालं, कारण 'आता गाड्या काढा' असं कुणी कुणाला म्हणायचं हेच ठरलेलं नव्हतं.

वीज गेली, मोबाइलचे टॉवर गेले. कोविडचे दिवस होते, पाणी शिरलेल्या रुग्णालयात रुग्ण दगावले. लोकमान्य टिळक स्मारक वाचनालय १८६४ पासूनचं. २००५ मध्ये तिथली पुस्तकं भिजली होती, ती पुन्हा उभी केली, २०२१ ला पुन्हा भिजली. पूर ओसरल्यावर चिपळुणात जो वास असतो तो सांगून कळायचा नाही. चिखल, डिझेल, कुजलेलं धान्य आणि ओला कागद, सगळं एकत्र. तो भिंतींतून जायला पुढची दिवाळी उजाडते.

नकाशावर पाच वाटा

चिपळूणचा नकाशा काढला तर बाहेर पडायला पाच वाटा दिसतात. उत्तरेला परशुराम घाटातून खेड-महाडकडे, दक्षिणेला सावर्डा-संगमेश्वरकडे, पूर्वेला कुंभार्लीने कराडला, पश्चिमेला गुहागरला, आणि पाचवी रेल्वे. एक बंद पडली तर चार आहेत, असं कागदावर कुणीही म्हणेल. कोकणात हे गणित चालत नाही. वाटा पाच असल्या तरी पाऊस एकच आहे. ज्या पावसाने वाशिष्ठी भरते त्याच पावसाने परशुराम घाटात माती सुटते आणि कुंभार्लीत दरड येते. २२ तारखेला महामार्गावरच्या वाशिष्ठीच्या जुन्या पुलाचा भाग खचला आणि मुंबई-गोवा रस्ता तिथेच तुटला. रेल्वे स्टेशन वालोपे इथे, नदीच्या पलीकडे. त्यामुळे पूल गेल्यावर शहराला स्टेशनही राहिलं नाही.

बचावाच्या बोटी आणि जवान बाहेरून यायचे होते, म्हणजे याच रस्त्यांनी. जो रस्ता बंद झाला म्हणून मदत लागली, मदत त्याच रस्त्याने मागवलेली. एनडीआरएफ, नौदल, तटरक्षक दल, हेलिकॉप्टर सगळे आले, पण पहिले कित्येक तास लोकांनीच लोकांना काढलं. दोर, ट्यूब, पिंपं, जे हाताला लागेल ते. गंमत म्हणजे बोटी दूर नव्हत्याच. खाडीकाठच्या गावांत घरोघरी होड्या आहेत आणि त्या पाण्यात होडी घालायला छाती असलेली माणसंही आहेत. पण त्यांची नावं कुठल्या यादीत, त्यांना फोन कुणी करायचा, होडी फुटली तर भरपाई कोण देणार, याचा विचार पाणी येण्याआधी व्हायला हवा असतो.

हा धडा पुढे काही अंशी घेतला गेला. आता पावसाळा सुरू झाला की एनडीआरएफची तुकडी चिपळुणात येऊन राहते. हे फार मोलाचं काम झालंय. यात कुठे बांधकाम नाही, उद्घाटनाची फीत नाही, म्हणून त्याची चर्चा कमी होते.

रेल्वे कशी शिकली

कोकण रेल्वे पहिल्यापासून शहाणी होती असं नाही. २२ जून २००३ च्या रात्री वैभववाडीजवळ कारवारहून मुंबईला जाणारी सुट्टीची विशेष गाडी दरडीवर आदळली, पन्नासहून अधिक माणसं गेली. वर्ष उलटायच्या आत, १६ जून २००४ ला, महाडजवळ मत्स्यगंधा एक्सप्रेसला तसाच अपघात झाला. दोन्ही अपघात पावसाळ्याच्या तोंडावर, दोन्ही डोंगरातून सुटलेल्या दगडांनी. रेल्वे बांधताना कोकणचे डोंगर कापले होते, आणि कापलेल्या डोंगराला पाऊस पाजल्यावर काय होतं ते तेव्हा कळलं.

त्यानंतरची कामं बाहेरून दिसतात. उतार कमी केलेले, जाळ्या ठोकलेल्या, दगडांच्या भिंती. न दिसणारी कामं मला जास्त महत्त्वाची वाटतात. पावसाळ्यात सहाशेहून अधिक माणसं रुळांवर गस्त घालतात, धोक्याच्या जागी चोवीस तास पहारा असतो. ठरावीक स्टेशनांवर पाऊस मोजला जातो, त्यात चिपळूणही आहे. पानवलचा उंच पूल, मांडवी, झुआरी, शरावती इथे वाऱ्याचा वेग मोजतात. पाऊस एवढा की पुढचं दिसेना, तर गाडी ताशी ४० किलोमीटरच्या वर न्यायची नाही, असं गाडीच्या चालकाला आधीच सांगितलेलं असतं.

आणि वेळापत्रक. वर्षानुवर्षं १० जून ते ३१ ऑक्टोबर कोकण रेल्वेचं वेगळं पावसाळी वेळापत्रक चालत आलं, अलीकडे हा काळ थोडा कमी केलाय. चाकरमानी या वेळापत्रकाला शिव्या घालतात, मीही घातल्यात. मुंबईहून कणकवलीला पोचायला उशीर होतो, क्रॉसिंगला गाडी तासतासभर खोळंबते. पण जरा विचार केला तर हे धाडसाचं काम आहे. एका सरकारी संस्थेने दर वर्षी छापून कबूल करायचं की वर्षाचे चार-साडेचार महिने आम्ही हळू जाणार, कारण इथला पाऊस आमच्यापेक्षा मोठा आहे. हवामानाशी जुळवून घेणं म्हणजे काय, याचं मला माहीत असलेलं सगळ्यात रोकडं उदाहरण हे वेळापत्रक आहे. त्यात उंच भिंत नाही, फक्त वेग सोडून दिलाय.

रेल्वेला हे जमतं त्याचं कारण तिची हुशारी नव्हे. रूळ तिचे, पूल तिचा, बाजूचा कापलेला उतार तिचा, गाडी तिची आणि वेळापत्रकही तिचंच. नुकसान झालं तर बोट दाखवायला दुसरं कुणी नाही. शहराचं तसं नसतं. चिपळुणात नदी जलसंपदा खात्याची, विजेसाठी सोडलेलं पाणी वीजनिर्मिती कंपनीचं, महामार्ग केंद्राचा, गटारं आणि भोंगा नगरपरिषदेचा, बस महामंडळाची, बोट तहसीलदाराकडे, खाडी बंदर खात्याकडे. प्रत्येकाचं काम नेमलेलं, प्रत्येकाकडे पावसाळ्यापूर्वीच्या बैठकीचं इतिवृत्त. पाणी मात्र खाती बघून चढत नाही.

रस्त्याचीही गत तीच. चिपळूणच्या उत्तरेला याच महामार्गावर महाडला सावित्रीवर ब्रिटिशकालीन पूल होता. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री तो पुरात कोसळला आणि अंधारात दोन एसटी गाड्या आणि आणखी वाहनं नदीत गेली. पलीकडून येणाऱ्या चालकाला पुढे पूल नाही हे दिसायची सोयच नव्हती. नवा पूल मात्र वर्षभराच्या आत उभा राहिला, जून २०१७ मध्ये त्याच्यावरून वाहतूक सुरूही झाली. काम खरोखर चांगलं आणि वेगाने झालं. पण पुराच्या रात्री पुलाच्या तोंडाशी उभं राहून गाडी अडवणारा माणूस, ज्याच्या हातात लाल दिवा आणि तो दाखवायचा अधिकार आहे, तो निविदेत बसत नाही.

गाळ आणि रेघा

पुरानंतर चिपळूणकर गप्प बसले नाहीत. २०२१ च्या डिसेंबरात चिपळूण बचाव समितीने साखळी उपोषण केलं, ते कित्येक दिवस चाललं. मागणी साधी होती, वाशिष्ठी आणि शिवनदीतला गाळ काढा. सरकार हललं, यंत्रं लागली, नाम फाउंडेशनचीही मदत झाली, लाखो घनमीटर गाळ निघाला. नदीचं पात्र मोकळं झालेलं डोळ्यांना दिसतं, आणि पाऊस थांबल्यावर पाणी लवकर उतरतं असं तिथले लोक सांगतात.

गाळ काढायलाच हवा होता. फक्त त्याच्यावर किती भिस्त ठेवायची, ते समजून घ्यायला हवं. ओहोटी असताना खोल पात्रातून पाणी झपाट्याने निघून जातं. भरती असताना खाडीतली पातळीच वर आलेली असते, तिथे तळ कितीही खरवडला तरी पाण्याला उतार मिळत नाही. २००५ आणि २०२१ मध्ये धो धो पावसाच्या जोडीला भरती होती असंच लोक सांगतात. समुद्राची पातळी हळूहळू चढतेय, त्यामुळे ही अडचण पुढे वाढणार. शिवाय गाळ येतो तो वरून. डोंगर बोडके होत राहिले, रस्त्यासाठी घाट कापत राहिलो, तर नदी दर वर्षी तेवढाच गाळ पुन्हा आणून ठेवील. परशुराम घाटात चौपदरीकरणाचं काम निघालं तेव्हा २०२२ च्या एप्रिल-मे महिन्यात घाट रोज दुपारी काही तास बंद ठेवावा लागला होता. तो डोंगर किती कच्चा झालाय हे वेगळं सांगायला नको.

दुसरा विषय रेघांचा. महाराष्ट्रात नदीकाठी दोन पूररेषा आखतात. निळी, म्हणजे साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, तिच्या आत बांधकाम निषिद्ध. लाल, शंभर वर्षांतून एकदाची, दोन्हींच्या मधल्या पट्ट्यात नियम पाळून बांधायचं. चिपळूणची पूररेषा आखल्यावर शहराचा मोठा भाग तिच्यात आला आणि ओरड झाली. लोकांचं म्हणणं, आमची घरं पिढ्यान् पिढ्यांची, आता दुरुस्तीलाही परवानगी मिळणार नाही, कर्ज मिळणार नाही, जागेला भाव राहणार नाही.

रेघ चुकीची आहे असं मला वाटत नाही. पाणी जिथे आलं तिथे आलं, रेघ पुसून ते माघारी जाणार नाही. पण बाजारपेठेच्या बाजारपेठेवर रेघ ओढून 'इथे बांधू नका' एवढंच सांगायचं आणि पुढचं काहीच बोलायचं नाही, हेही बरोबर नाही. लोक जाणार कुठे? आणि का जातील? गिऱ्हाईक इथे आहे. कोकणातली जुनी घरं उंच जोत्यावर असत, वर माळा असे, धान्य तिथे. आता गाळे रस्त्याच्या पातळीला, किंबहुना रस्ता डांबरावर डांबर चढून उंच झालेला आणि गाळा खड्ड्यात. तळमजला गाड्यांना मोकळा सोडून वर दुकान काढणाऱ्याला सवलत द्या, विजेचं मीटर आणि बोर्ड माथ्याच्या उंचीवर बसवणं सक्तीचं करा, प्रत्येक पाच-सहा इमारतींमागे एकीला बाहेरून जिना आणि मोकळी गच्ची असू द्या. ही कामं खर्चाची नाहीत. मात्र ती रेघेच्या आतल्या माणसाशी बोलल्याशिवाय होत नाहीत.

शिवाय 'पंचवीस वर्षांतून एकदा' हा हिशेब आधी पडून गेलेल्या पावसावरून काढलेला असतो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवून दिलं, की मध्य भारताच्या पट्ट्यात एकाच वेळी मोठ्या प्रदेशावर कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना १९५० ते २०१५ या काळात तिपटीने वाढल्या. अरबी समुद्र तापतो, वारे जास्त बाष्प घेऊन येतात, आणि सह्याद्री ते सगळं आपल्या अंगावर घेतो. चिपळूणला २००५ नंतर २०२१, म्हणजे सोळा वर्षं. मावसभावाने खांबावरच्या रेघेवर भरवसा ठेवला तो याच हिशेबाने, आणि सरकारी रेघाही शेवटी जुन्याच पावसावर उभ्या आहेत. फक्त त्यांना ऑइलपेंट नाही.

भराव की खांब

महामार्गाबद्दल एक गोष्ट सांगायला हवी, कारण पुढची पन्नास वर्षं तो तिथेच राहणार आहे. नदीच्या सपाटीवरून रस्ता न्यायचा तर दोन रीती. मातीचा भराव टाकून उंच करायचा, किंवा खांबांवर न्यायचा. भराव स्वस्त पडतो आणि रस्ता कोरडा ठेवतो. पण भराव म्हणजे पाण्याच्या दृष्टीने बांधच. त्याच्या पोटात किती मोऱ्या ठेवल्या आणि त्या केवढ्या, यावर वरच्या अंगाची वस्ती बुडते की तरते ते ठरतं. पूर्वी जिथे पऱ्या, म्हणजे ओढा, वाहायचा तिथे आता एक पाइप, त्यात प्लास्टिक अडकलेलं, हे दृश्य पळस्प्यापासून झारापपर्यंत कुठेही बघायला मिळतं. रेल्वेच्या भरावाबद्दलही हीच तक्रार जुनी आहे, तेव्हा वर रेल्वेचं एवढं कौतुक केलं म्हणून इथे तिला सोडून द्यायचं कारण नाही. तिने आपल्या गाड्या सांभाळल्या. तिच्या भरावामुळे शेजारच्या वाडीत पाणी किती वेळ थांबतं, ते मोजायला तिने कुठे यंत्र बसवल्याचं माझ्या पाहण्यात नाही.

चिपळुणात बहादूरशेख नाक्यावर खांबांवरचा उड्डाणपूल घेतला, ते पाण्याच्या दृष्टीने ठीकच. १६ ऑक्टोबर २०२३ ला बांधकाम चालू असतानाच त्याचा भाग कोसळला. जीवितहानी झाली नाही हे नशीब. रस्ता खांबांवर असावा एवढं म्हणून भागत नाही, तो खांबांवर टिकायलाही हवा.

गेल्या आषाढात

गेल्या वर्षी आषाढात मी रत्नागिरीला निघालो होतो. चिपळूण स्टेशनात गाडी येऊन थांबली ती सुटेचना. बाहेर पावसाची भिंत. अर्धा तास झाला, पाऊण झाला. समोरच्या आजींनी डब्यातल्या घावनांचा दुसरा हप्ता काढला. तिकीट तपासनीस गेला तेव्हा कुणीतरी विचारलं, काय झालं हो? तो चालता चालता म्हणाला, "पुलावर पाणी बघतायत."

तेवढ्यात मावसभावाचा फोन आला. मी त्या गाडीत आहे हे त्याला ठाऊक होतं.

"अरे, गाडी सुटली का?"

म्हटलं, नाही रे, पाऊण तास उभी आहे, पोचायला रात्र होणार बहुतेक.

"ते राहू दे. कामथ्याकडे सोडत नाहीयेत ना? पाण्यामुळे?"

"हो, तसंच म्हणतायत."

"बरं. मग मी माल वर टाकतो," तो म्हणाला, आणि फोन ठेवला.